उजवीकडे खाली, मार्गदर्शक

"काका, जरा मोकळं सोडा."

हे म्हणताना ती खुर्ची मागं सरकवायची, डावा डोळा मिटायची आणि उजव्या डोळ्यानं कॉम्प्युटरच्या पडद्याकडे अशी बघायची, की समोर फ्लेक्सचं डिझाइन नसून पल्याडच्या टेपाडावर चुकलेलं शेरडू आहे. मग कुणाचा तरी फोटो बाजूला सरकायचा, कोपऱ्यातली दोन-चार फुलं उडायची आणि बोर्डाच्या मधोमध चांगली हातभर जागा रिकामी व्हायची. माझा जीव तुटायचा. गिऱ्हाईक दहा बाय आठचा बोर्ड मागतंय आणि ही त्यातला पाव हिस्सा वाऱ्याला देऊन टाकतेय!

"अगं, लोक म्हणतील पेंटरची शाई संपली."

"म्हनू द्या की. नाव तर वाचतील."

आता ती इथं नसते. खुर्ची तिथंच आहे, पण मोकळं सोडायला सांगणारं कुणी नाही, त्यामुळे हल्ली आमचे बोर्ड पुन्हा गच्च भरलेले असतात. भोरला आलात तर बघालच.

भोरला एसटी स्टँडजवळ माझं फ्लेक्सचं दुकान आहे. लोक मला अजून पेंटर म्हणतात, कारण फ्लेक्स यायच्या आधी मी ब्रशनं पाट्या रंगवायचो. शिवऱ्यापासून सारोळ्याच्या पुलापर्यंत हायवेवरच्या कितीतरी धाब्यांचे बोर्ड माझ्या हातचे. एका धाब्यावर पुढच्या बाजूला 'शुद्ध शाकाहारी' आणि मागच्या बाजूला 'मटण भाकरी' अशी दोन्ही अक्षरं मीच रंगवली होती, आणि दोन्ही सारख्याच श्रद्धेनं. मग मशीन आलं. ब्रश रॉकेलच्या डब्यात राहिले ते राहिलेच.

आमच्या धंद्यात तीन प्रकारचे बोर्ड असतात. वाढदिवस, श्रद्धांजली आणि अभिनंदन. वाढदिवसाचं मला काही वाटत नाही, वाढदिवस काय, गाढवाचाही येतो. श्रद्धांजलीचं तर मुळीच नाही, उलट आपण अजून आहोत म्हणून जरा बरंच वाटतं. दुखतं ते अभिनंदन. कुणाची तरी फौजदार म्हणून निवड होते, कुणी परदेशात शिकायला निघतं, कुणी पोहून येतं, कुणी डोंगर चढून येतं. मी आधी वय विचारतो. गिऱ्हाइकाला वाटतं बोर्डावर टाकायला विचारतोय. तेवीस म्हणाला की मनातल्या मनात माझं चोपन्न मांडायचं, वजाबाकी करायची, आणि एकतीस वर्षांपूर्वी आपण काय करत होतो ते आठवायचं. एकतीस वर्षांपूर्वी मी एका ट्रॅक्टरच्या जाहिरातीत ट्रॅक्टरला पाच चाकं काढली होती.

बायकोला माझी ही खोड माहीत आहे. एकदा असाच तोंड पाडून घरी गेलो तर म्हणाली, "तुमचा पण लावा की एक. 'दुकान अजून चालू ठेवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'"

तर अशा माणसाच्या दुकानात ती कामाला आली. पासलीच्या वर डोंगरात धनगरांची वस्ती आहे, पाच-सहा घरांची, तिथली. घरी गुरं, शेरडं आणि खाली थोडं भात. भोरला मावशीकडं राहायची, सकाळी स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत बसायची आणि दुपारनंतर काम हवं होतं. मी विचारलं, "डिझाइन येतं का?"

"न्हाई."

"कॉम्प्युटर?"

"थोडं थोडं. बगू की."

ही "बगू की" मला तेव्हा बेफिकिरी वाटली. महिन्याभरात तिनं मोबाईलवर बघून बघून सगळं डिझाइन शिकून घेतलं. मला त्या कॉम्प्युटरवर जुनी फाइल उघडून नाव आणि फोटो बदलण्यापलीकडं आजही काही येत नाही. म्हणजे माझी आठ वर्षं आणि तिचा एक महिना. वजाबाकी तुम्हीच करा.

दुकानात शिरताना ती चपला बाहेर काढायची. मी सांगितलं, अगं देऊळ नाही हे. तर म्हणाली, "मशीनला धूळ चालत न्हाई म्हनता न्हवं?" मग मलाही काढाव्या लागायला लागल्या. मशीनवर फ्लेक्स छापत असताना अर्धा-पाऊण तास नुसतं थांबायचं असतं. त्या वेळात मी स्टँडवर कोण उतरलं, कोण चढलं ते बघतो. ती कीबोर्डखालून वहीचे कागद काढायची आणि ओठ न हलवता वाचत बसायची. मशीन थांबलं की कागद आत, आणि ही फ्लेक्सच्या कडेला दोरी ओवायच्या रिंगा मारायला उभी. राज्यघटनेतलं कुठलं कलम कशाचं हे तिला पाठ होतं. मला आमच्या गल्लीतला पाणी सोडणारा कोणत्या दिवशी येतो हेही बायकोला विचारावं लागतं.

गिऱ्हाइकांशी ती फार बोलायची नाही, पण बोलायची ते नेमकं. एकदा एका भाऊंना वाढदिवसाचा बोर्ड हवा होता. बेचाळीस शुभेच्छुकांचे फोटो घेऊन आले. तिनं सगळे लावले, मग पडदा त्यांच्याकडं फिरवला आणि म्हणाली, "भाऊ, ह्यात तुमी कुठं हायत, दावा बरं." भाऊंनी डोळे बारीक केले, चष्मा पुसला, बोट फिरवत फिरवत तिसऱ्या ओळीत भलत्याच माणसावर ठेवलं. तो त्यांचा मेव्हणा निघाला.

"मंग जरा मोकळं सोडू का?"

भाऊ म्हणाले, सोड बाई.

शनिवारी ती वस्तीवर जायची आणि सोमवारी येताना डब्यातून काहीबाही आणायची. कधी खरवस, कधी करवंदं. डबा माझ्यापुढं ठेवून म्हणायची, "आयेनं दिलंय." आईनं मला कधी पाहिलेलंही नव्हतं. पण पोरीला दुकानात सावलीत बसायला मिळतं, एवढ्यावर त्या माऊलीचा माझ्यावर लोभ होता.

दुकानात माझं एक प्रमाणपत्र टांगलेलं आहे. शाळेत असताना तालुक्याच्या सुंदर हस्ताक्षर स्पर्धेत तिसरा आलो होतो, त्याचं. काच दर दिवाळीला पुसतो. एक दिवस ती त्याच्यापुढं उभी राहिली. मी मुद्दाम कामात असल्यासारखं केलं.

"काका, किती जनं हुती?"

खोटं बोलणार होतो, पण तिच्या त्या एका डोळ्यापुढं जमलं नाही. "चार."

तिनं विचार केला. "चौथा न्हाई आला, चांगलंच की." आणि हसली नाही, हे विशेष. मनापासून म्हणाली. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मी चहा सांगितला.

खरं सांगायचं तर मला तिचा अभिमान वाटायचा आणि पोटातही दुखायचं, दोन्ही एकदम. सव्विसाव्या वर्षी या मुलीच्या डोक्यात अख्खा देश होता. सव्विसाव्या वर्षी माझ्या डोक्यात फक्त केस होते, आणि आता तेही नाहीत.

मग ती यादी आली. परीक्षा, मुलाखत सगळं होऊन गुणांची पहिली यादी लागली आणि त्यात तिचं नाव. नायब तहसीलदाराच्या जागेपर्यंत नंबर पोचत होता. मला तिनं सांगितलं ते केवळ सुट्टी हवी होती म्हणून. कागदपत्रांच्या कामाला चार दिवस पुण्याला जायचं होतं.

"काका, कुनाला सांगू नगा. ही पक्की यादी न्हवं. पक्की अजून यायची हाय."

"छे छे, मी कशाला सांगतोय!"

"आन् बोर्ड तर लावूच नगा."

"वेडी का काय तू!"

ती गेली आणि मी कॉम्प्युटर सुरू केला.

आता तुम्ही म्हणाल, माणसाला सांगितलेलं कळत नाही का? कळतं. पण जन्मभर दुसऱ्यांच्या दुकानात शिकलेल्या, दुसऱ्यांच्या घरात वाढलेल्या पोरांचे बोर्ड छापले होते. हे पहिलं पोर माझ्या दुकानातलं होतं. माझ्या खुर्चीत बसून वाचलेलं. पहिल्यांदाच वजाबाकी न करता आनंद झाला होता, आणि तो आनंद माझ्या पोटात मावेना. शिवाय आमच्याकडं रीतच पडलीय. यादीत नाव दिसलं की संध्याकाळच्या आत बोर्ड. पक्की, कच्ची बघत बसलं तर शेजारचं गाव आधी लावतं.

जुनी फाइल उघडली. बैलगाडा शर्यतीच्या विजेत्यांची होती. तिचा फोटो टाकला, नाव टाकलं, 'नायब तहसीलदार' टाकलं. 'घवघवीत यश', 'खडतर परिश्रम', 'तालुक्याची शान', काही सोडलं नाही. सगळीकडं फुलं भरली. एवढं करूनही उजवीकडं खाली थोडी जागा उरली, आणि मला मोकळी जागा बघवत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथं मी माझा फोटो टाकला. माझ्या लग्नानंतरचा, काळ्या केसांचा. खाली लिहिलं, 'मार्गदर्शक'. डावीकडच्या कोपऱ्यात बैलाच्या नावाची 'घाटाचा राजा' ही जुनी ओळ तशीच राहून गेली, ती छापून झाल्यावर दिसली. म्हटलं, राहू दे, शोभतंय.

तीन बोर्ड लागले. एक भोरला स्टँडसमोर, एक वेल्ह्याला, एक पासलीच्या फाट्यावर. फोटो मोबाईलवरून तिच्याआधी पुण्याला पोचले.

परत आली तेव्हा एसटीतून उतरून ती बोर्डापुढं उभी राहिलेली मी दुकानातून पाहिली. डावा डोळा मिटला नाही. दोन्ही डोळ्यांनी बघत होती. मग दुकानात आली, चपला काढल्या.

"म्या नगं म्हनलं हुतं, काका."

"अगं, होणारच आहे की पक्कं! दोन दिवस आधी, एवढंच."

ती पाणी प्यायली आणि रिंगा मारायला लागली.

पुढं गावानं सत्कार ठेवला. पासलीला देवळापुढं मांडव, शाल, नारळ. बोर्डावर मार्गदर्शक असल्यामुळं मला स्टेजवर खुर्ची. मी वीस मिनिटं बोललो. "मी तिला नेहमी सांगत आलो," असं चार वेळा म्हणालो. मी तिला नेहमी काय सांगत आलो? "वरच्या बाजूला दोन रिंगा जास्त मार." ती मान खाली घालून शालीच्या गोंड्याशी चाळा करत होती. तिची आई पहिल्यांदा तिथं दिसली. मांडवाच्या कडेला उभी होती आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

तीन आठवड्यांनी त्याच परीक्षेतल्या दुसऱ्या एका मुलीचा बोर्ड करायला लोक आले. वय बावीस. पक्की यादी लागली होती आणि ती त्यांनी मोबाईलवर दाखवली. मी म्हटलं, आमचीचं पण नाव बघू. वरून खाली गेलो. चष्मा पुसून खालून वर आलो. नव्हतं. थोडक्यात गेलं होतं. त्या दिवशी ती कामावर आली नव्हती, आणि का आली नव्हती ते मला तेव्हा कळलं.

मग ती आलीच नाही. फोन उचलेना. मावशी म्हणाली, वस्तीवर गेलीय, पुस्तकंही घेऊन गेलीय. आणि स्टँडसमोर बोर्ड तसाच. तुम्ही पाहिलंच असेल, बोर्ड लावायला दहा हात येतात, काढायला कुणी येत नाही, वाऱ्याची वाट बघतात. मी आठ दिवस रोज त्याच्याखालून जात-येत होतो. वर काळ्या केसांचा मी, खाली टकला मी. लाज वाटायची, पण शिडी लावायची हिंमत होत नव्हती. शिडी लावली की लोक विचारणार.

नवव्या दिवशी बायको म्हणाली, "लावताना तिला विचारलं नाहीत. आता काढायला काय मुहूर्त बघताय?"

सकाळी बाजाराच्या गर्दीतच शिडी लावली. पहिल्याच पायरीवर एकानं विचारलं, "काय पेंटर, उतरवताय?"

"हो. चुकीचा लावला होता."

"म्हंजे पोरगी नापास?"

"पोरगी नाही. मी."

वेल्ह्याचा काढला. मग पासलीच्या फाट्यावरचा. तिथं शिडी नव्हती. बावन्नाव्या वर्षी खांबावर चढताना पँट कुठं कुठं फाटू शकते याचं ज्ञान मला त्या दिवशी झालं. खाली एक म्हातारबाबा उभे राहून सूचना देत होते. "डावा पाय घाला. आवो, डावा! पडशीला." बोर्ड सुटला, मी पण जवळजवळ सुटलोच. गुंडाळी करून खांद्यावर घेतली आणि वस्तीची वाट धरली.

ती गोठ्यापुढं शेण काढत होती. मला बघून हात थांबला. आई घरातून बाहेर आली, माझ्या खांद्यावरची गुंडाळी बघितली आणि दारातच उभी राहिली.

"बसा," म्हणाली. पण घोंगडी टाकली नाही.

मी उभ्यानंच म्हटलं, "माझं चुकलं. तिनं नको सांगितलं होतं."

आई म्हणाली, "तुमचा बोर्ड बगून आमी सोयऱ्यांना जेवान घातलं. बोकड कापलं. आता खाली गेलं की बाया इचारत्यात, पोरगी कवा जायची सायबीन हून? काय सांगू? हिचा बा म्हनतोय, झालं एवढं बास, आता सोयरीक बगू." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

मी पोरीकडं वळलो. "पुन्हा बस परीक्षेला."

"न्हाई काका. पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली."

"असं करू नकोस. अपयश ही यशाची पहिली पायरी..."

"काका," ती म्हणाली, "ती फाइल म्याच केलीय. क्लासवाल्यांची. आट बाय चार."

माझ्याकडची सगळी चांगली वाक्यं तिनंच टाइप केलेली होती.

मग ती गोठ्याच्या दगडावर बसली आणि खाली बघत बोलायला लागली. "तुमच्या बोर्डाचं न्हाई वो काका. बोर्ड आज ना उद्या फाटला आसता. म्या सत्तावीसची झाली. यादीतली ती पोरगी बावीसची हाय. अभ्यासिकेत आता इशी-एकविशीची पोरं बसत्यात, मला ताई म्हनत्यात. दुकानात अभिनंदनाचा बोर्ड करताना म्या आदी वय बगायची. तेवीस. बावीस. मंग आपलं वय. आन् मशीन चालू आसताना वाचाया घ्यायची, तर अक्षर दिसायचं न्हाई. माजं वय निगून गेलं, काका."

अडीच वर्षं आम्ही दोघं एका दुकानात, सहा फुटांवर बसून, एकाच बोर्डाकडं बघून एकच वजाबाकी करत होतो! मला वाटायचं ही माझ्या दुखण्याचं औषध आहे किंवा कारण तरी आहे. तिलाही तेच दुखणं होतं.

"मी पण," मी म्हणालो.

"काय, तुमी पन?"

"मी पण आधी वय बघतो. प्रत्येक बोर्डाचं. तुझं तर रोज बघायचो."

तिनं मान वर केली. "बावन्नातनं वजा करून?"

"मग काय तर."

"आये," ती आईला म्हणाली, "काका माज्याशी बरोबरी करत्यात!" आणि जी हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता रडायलाही लागली. तिची आई आधी आमच्याकडं बघत राहिली, मग आत गेली आणि चहा ठेवला. मलाही रडू आलं. मी ते खांबावर चढल्यामुळं घाम आल्यासारखं पुसलं.

निघताना मी परीक्षेचा विषय काढला नाही. एवढंच म्हटलं, "कामाला तरी ये. माझ्यानं एक बोर्ड धड होत नाही. परवा श्रद्धांजलीत फुगे राहिले."

गुंडाळी उचलायला लागलो तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हितंच. पावसात गोठ्यावर टाकाया हुईल." तो बोर्ड अजून तिथं गोठ्यावर आहे, छापील बाजू आत करून. त्यामुळं सध्या मी शेरडांना मार्गदर्शन करतो.

सोमवारी ती आली. चपला काढल्या, खुर्चीवर बसली आणि मी आठवडाभरात केलेली सगळी डिझाइनं एकेक करून पुसली. परीक्षेचं मी विचारलं नाही, आणि न विचारणं हे माझ्यासारख्याला किती जड गेलं ते बायकोला विचारा. दोन महिन्यांनी कीबोर्डखाली पुन्हा कागद दिसले. मी स्टँडकडं तोंड करून बसलो.

एक भाताची कापणी गेली, दुसरी आली. ती मधूनच दोन दिवस, चार दिवस सुट्टी मागायची. कारण "मावशीचं काम हाय." मी म्हणायचो, जा.

गेल्या मार्गशीर्षात एक दिवस दुपारी, मी डबा उघडत होतो तेव्हा ती आली. खुर्चीवर बसली नाही. प्लास्टिकच्या पाकिटातून कागद काढून माझ्यापुढं धरला. नियुक्तीचा आदेश होता. सही, शिक्का सगळं होतं. हजर व्हायची तारीख होती.

"नायब तहसीलदार?"

"न्हाई काका. महसूल सहायक. क्लार्कच म्हना की." विदर्भातल्या एका तालुक्याचं नाव होतं, मी कधी ऐकलेलंही नव्हतं. "लई लांब हाय. पन पक्कं हाय."

"घरी काय म्हणाले?"

"घरी अजून न्हाई सांगितलं. आदी तुमाला सांगितलं."

मनात म्हटलं, बघा, आईबापाच्या आधी मला! काही झालं तरी शेवटी मार्गदर्शक तो मार्गदर्शक. मी हात पुसून तिच्या डोक्यावर ठेवायला निघालो.

"तसं न्हाई वो काका," ती म्हणाली. "उगं दुसऱ्या कुनाकडनं तुमाला कळलं आन् तुमी बोर्ड लावला म्हंजे?"

मी हात तसाच खाली घेतला.

"मग आता मी काय करू?"

"चला माज्यासंगं वस्तीवर. आयेला तुमी सांगा."

"मी कशाला? तू सांग. तुझा आनंद आहे."

"मागच्या टायमाला सगळ्या गावाला तुमीच सांगितलं हुतं न्हवं? आता एकटीला सांगा."

बायकोला दुकानात बसवलं. आधी नसरापूर, मग वेल्हे, तिथून जीपनं पासली. वाटेत ती खिडकीला डोकं टेकून झोपली आणि मी भाषण तयार करत राहिलो. घवघवीत यश, खडतर परिश्रम, डोंगरातल्या लेकीची भरारी. सगळं जुळवून झालं. चढण लागली तसा मी पुढं झालो आणि ती मुद्दामच मागं रेंगाळली.

आई अंगणात भात पाखडत होती. पायरव ऐकून तिनं वर पाहिलं. मला ओळखलं आणि तिचा चेहरा उतरला. सूप हातातच राहिलं. ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. माझ्या खांद्याकडं बघत होती, मग काखेकडं, मग हातांकडं. काय शोधतेय ते माझ्या ध्यानात आलं आणि मी शरमेनं अर्धा झालो. दोन्ही हात पुढं करून दाखवले. रिकामे होते.

"काय झालं?" ती म्हणाली. "पोरगी कुठंय?"

उभ्या आयुष्यात मी हजारो लोकांची अभिनंदनं केली असतील, दहा-दहा फुटांच्या अक्षरांत. त्या बाईपुढं वाटेत जुळवलेलं सगळं गेलं. कसाबसा म्हणालो, "नोकरी लागली. तुमच्या पोरीला."

ती हलली नाही.

"पक्की?"

"पक्की. कागद आहे तिच्याकडं."

तिनं माझ्या मागं वाटेकडं पाहिलं. लेक वळणावर उभी होती. मग पुन्हा माझ्याकडं वळून, आवाज बारीक करून तिनं विचारलं, "बोर्ड लावला का?"

"नाही."

"कुठंच न्हाई?"

"कुठंच नाही. देवाशपथ."

तिनं सूप खाली ठेवलं. पदर तोंडाला लावला.

"मंग खरं आसंल," म्हणाली.